पिन बदलली

माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात. आमच्या ओतूरचे तांबेमास्तर खिशाला पिना लावत. पिना म्हणजे कॉम्प्युटरच्या वायरींची कापून ठेवलेली टोकं. एक रुंद, पंचवीस काट्यांची. एक गोल, सहा काट्यांची. आणि एक चपटी, पत्र्याच्या तोंडाची. सकाळी दूध आणायला निघाले की ही तिन्ही टोकं खिशातून डोकावत असायची आणि वाटेत जो भेटेल त्याला मास्तर अडवायचे. मग तो कांद्याच्या गोण्या भरणारा असो, नाहीतर एसटीची वाट बघणारा पाहुणा असो.

"ही बघा. ही माझ्या कॉम्प्युटरची. ही त्यानंतरची. आणि ही आत्ताची. पिन बदलली! कुणाला विचारून बदलली? तुम्हाला विचारलं?"

गोणीवाला बिचारा गांगरून म्हणायचा, "मला न्हाई बा कुणी विचारलं."

"मलाही नाही विचारलं! हा जनतेचा अपमान आहे. जाब विचारला पाहिजे!"

आणि जाब विचारायला मास्तर थेट माझ्या दुकानात यायचे. आमचे आजोबा राजस्थानातून कापडाचं गाठोडं घेऊन ओतुरात आले, वडिलांनी स्टँडसमोर दुकान थाटलं आणि मी त्याच दुकानाचा अर्धा भाग मागून घेऊन त्यात कॉम्प्युटर मांडले. एका भिंतीला साड्या, दुसऱ्या भिंतीला मॉनिटर. जगातल्या सगळ्या कॉम्प्युटर कंपन्यांच्या वतीनं बोलणी खायला ओतुरात मी एकटाच उपलब्ध होतो.

तांबेमास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, पोस्टमास्तर. सत्त्याण्णव साली ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी त्यांनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला. ओतुरात घरी कॉम्प्युटर घेणारे ते पहिले. बायको आधीच वारलेली, मुलगी नाशिकला दिलेली, घरात एकटे. गाव म्हणालं, म्हाताऱ्याला हौस आलीय.

हौस कसली, त्यांनी घरात पोस्ट ऑफिस उघडलं. सकाळी दहाच्या ठोक्याला कॉम्प्युटर सुरू. एक ते दोन बंद. त्या वेळात कुणी काही दाखवा म्हटलं तर मास्तर म्हणायचे, "लंच." पाच वाजता मशीन बंद करून वर मेणकापड. फाइल सेव्ह केली की "शिक्का मारला." पुसली की "डेड लेटर." मशीन अडकलं की तारीख-वेळ घालून तक्रारवहीत नोंद, खाली सही. ती वही दर महिन्याला माझ्यासमोर आपटली जायची आणि प्रत्येक नोंदीपुढं मी 'पाहिले' असं लिहून सही करायची.

हळूहळू त्या मशीनचा एकेक अवयव गळत गेला. पहिला माउस गेला. नवा आणला तर त्याची पिन गोल. मी एक छोटा जोड देऊन तो बसवला. मग कीबोर्ड गेला. त्याची पिन आणखी निराळी. दुसरा जोड. मग नव्या माउसचाही नवा माउस आला, त्याची पिन चपटी, म्हणून जोडाला जोड. शेवटी मागून इतकी टोपणं बाहेर आली की टेबल भिंतीपासून वीतभर पुढं ओढावं लागलं.

मास्तर कमरेवर हात ठेवून ते बघायचे. "शेठ, पोस्टात मी छत्तीस वर्षं काढली. नवं तिकीट जुन्या पाकिटाला चिकटत नाही, असं एकदा तरी झालं का? गावाला पिनकोड एकदा दिला तो दिला. उद्या दिल्लीहून कुणी म्हणालं, ओतूरचा पिन बदलला, जुनी पत्रं जाळून टाका, तर चालेल?"

"मास्तर, ती पिन वेगळी आणि ही वेगळी."

"पिन ती पिनच!"

खरा स्फोट झाला तो दोन हजार पाच साली. मास्तरांचा प्रिंटर गेला. रिबिनीवर सुया आपटून करकर आवाज करत छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स होता तो. त्याचं डोकं मी तीनदा दुरुस्त केलं होतं. चौथ्यांदा म्हणालो, "मास्तर, आता हा गेला."

मास्तर मला न विचारता पुण्याला गेले आणि नवा प्रिंटर घेऊन आले. एसटीत मांडीवर खोकं. कंडक्टरनं लगेजचं तिकीट घ्या म्हटलं, तर नारायणगावपर्यंत त्याला नियम ऐकवत आले. घरी येऊन खोकं उघडलं आणि आतून निघाली चपटी पिन.

अर्ध्या तासात मास्तर माझ्या दुकानात. वडील गिऱ्हाईकाला साडी उलगडून दाखवत होते. त्या साडीवर मास्तरांनी वायर आपटली.

"हे कुठं बसतं, सांगा!"

मी घरी जाऊन बघितलं. कुठंच बसत नव्हतं. त्यांच्या कॉम्प्युटरला चपट्या पिनेचं भोकच नव्हतं. माउसची ती पिन मी कशी तरी जोडावर भागवली होती, प्रिंटरचं तसं होईना. मी पुण्याहून एक कार्ड मागवून आत बसवलं. भोक झालं, पिन बसली, पण मशीनमधली जुनी सिस्टीम नव्या प्रिंटरला ओळखच देईना.

"ओळख देत नाही म्हणजे?" मास्तर म्हणाले. "मी घरमालक सांगतोय ना, आपला माणूस आहे म्हणून!"

मग मी पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आहे की जोडायची वायर." चार दिवसांनी ती पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून आली. बघतो तर उलटी. नवा कॉम्प्युटर जुन्या प्रिंटरला जोडायची. जुना कॉम्प्युटर नव्या प्रिंटरला जोडायची वायर कुणी बनवतच नव्हतं.

हे सांगितल्यावर मास्तर एकदम उसळले. "म्हणजे नव्यानं जुन्याकडं यायचं तर रस्ता आहे, आणि जुन्यानं नव्याकडं जायचं तर न्हाई? कुठला न्याय हा?"

मास्तर रागावले की सरकारी मराठी बोलत आणि फार रागावले की थेट ओतूरची बोलत. 'न्हाई' आलं की मी ओळखायचो, पारा वर गेलाय.

"मास्तर, नवा कॉम्प्युटरच घ्या," मी म्हणालो. "हे भंगार किती दिवस ओढायचं?"

ही माझी चूक झाली. मास्तरांनी मला मशीनच्या मागं नेलं आणि प्रिंटरच्या भोकात बसवलेली बोटभर डबी दाखवली. त्यांचा मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम त्या डबीवर चालायचा. डबी म्हणजे कुलूप. ती लावली तर मराठी उमटणार, नाहीतर नाही. आणि नव्या कॉम्प्युटरला ती डबी बसेल असं भोकच नसायचं. सिस्टीम बदलावी म्हटलं तर प्रोग्रॅमची मूळ फ्लॉपी बुरशी येऊन गेलेली.

"या प्रोग्रॅमवर मला टाइप करता येतं," मास्तर म्हणाले. "आठ वर्षं लागली बोटं बसायला. आता नवं शिकू? या वयात?"

"मग असं करा, मजकूर मला सांगा. मी दुकानातल्या मशीनवर टाइप करून छापून देतो. दहा मिनिटांचं काम."

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं जणू मी त्यांची टपालपेटी फोडायला निघालोय. "टपाल खात्यातला पहिला नियम कुठला? दुसऱ्याचं वाचायचं नाही."

"पण असं आहे काय त्यात?"

"खात्याचं काम."

रिटायर होऊन आठ वर्षं झालेल्या माणसाकडं खात्याचं कसलं काम? मला आता मास्तरांचा राग यायला लागला होता. रोज सकाळी ते येणार, "काही झालं का?" विचारणार, नाही म्हटलं की पिना दाखवून गिऱ्हाईकांना भडकवणार. एकदा तर नवा कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या मढच्या एका गुरुजींना त्यांनी एवढं ऐकवलं की गुरुजी "विचार करून सांगतो" म्हणून गेले ते गेलेच. वडील म्हणाले, "प्रकाश, त्यांना काहीतरी जोडून दे, नाहीतर आपलं दुकान त्यांच्या नावावर कर."

शेवटी मास्तरांनी जाहीर केलं की ते कंपनीला पत्र लिहिणार. रजिस्टर, पोचपावतीसह. "छापता येत नाही तर हातानं लिहीन. पण जाब विचारणार."

ते पत्र टाकायला आले त्या दिवशी मीही पोस्टात रांगेत उभा होतो. माझ्यापुढं दोन माणसं, त्यांच्यापुढं मास्तर. ज्या खिडकीमागं ते अकरा वर्षं बसले, त्याच खिडकीसमोर. आत नवीन पोरगी होती, बाहेरगावची, मास्तरांना न ओळखणारी. तिनं पाकीट घेतलं, वाकडं करून बघितलं, उजेडाकडं धरलं. मग अगदी नीट, हसून म्हणाली, "आजोबा, पत्ता वाचता येत नाही हो. कुणाकडून तरी लिहून आणता का?"

मास्तर भांडतील म्हणून मी पुढं सरकलो. ते भांडले नाहीत. त्यांनी हात पुढं केला आणि पाकीट परत घेतलं. तेव्हा मला तो हात दिसला. कापत होता. थोडाथोडका नाही, पाकिटाची फडफड ऐकू येत होती. इतकी वर्षं मी त्यांच्या तक्रारवहीत सह्या करत होतो, पण त्यातल्या नोंदी म्हणजे मुंग्यांच्या रांगा का दिसतात, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. म्हटलं असेल अक्षर वाईट.

त्यानंतर मास्तर दुकानात आलेच नाहीत. पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी रस्त्याकडं बघायला लागलो. आणि मग मला राग आला. कंपनीचा आला, उलट्या वायरीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. आठ वर्षं मी या माणसाला नवं विकायला बघत होतो. त्याला काय हवंय हे एकदाही धड विचारलं नव्हतं.

आठवडाभरानं, दुपारी बाराच्या सुमाराला, एक म्हातारा दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. अंगात खाकी कोट, कोपरावर ठिगळ. डोळ्यांवर जाड भिंगं. पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा.

"पावणं, तांबेमास्तरांचं घर कुठशी हाय? पैलं पोष्टाच्या मागं ऱ्हायचं, तितं कुलूप हाय."

"घर बदललं त्यांनी. तुम्ही कुठले?"

"म्या मढाच्या वरल्या वाडीचा. कोंडिबा केंगले. पोष्टमन व्हतो, मास्तरांच्या हाताखाली." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "मास्तर बरं हायती न्हवं?"

"बरे आहेत. का हो?"

"पाच गुरवार झालं, टपाल न्हाई आलं."

मी त्याला आत बसवून पाणी दिलं. कोंडिबानं कोटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक गठ्ठा काढला. पत्रं. एकेका कागदावर जेमतेम दहा-बारा ओळी, कारण अक्षर एवढं मोठं की दुकानाच्या पाट्यांना शोभावं.

"मला कमी दिसतंय ना," कोंडिबा म्हणाला. "मोतीबिंदू काडला, तरी धुरकट. म्हनून मास्तर थोरल्या अक्षरात धाडत्यात. वाचा की."

"नको. तुमचं टपाल आहे."

"माजं हाय म्हनूनच म्हनतोय, वाचा."

मी वरचं पत्र घेतलं.

'कोंडिबास सप्रेम नमस्कार. या आठवड्यात दूधवाल्याने तीन वेळा पाणी घातले. मी जाब विचारला. बाजारात कोथिंबीर सडकी होती. तिथेही विचारला. कॉम्प्युटरवाल्या प्रकाशने माझ्या मशीनला पुन्हा भंगार म्हटले. मुलगा गुणी आहे, तोंड सैल आहे. तू गुडघ्याला तेल लावतोस का? लावत नसशील. ताबडतोब लावावे व कळवावे.'

"तुम्ही कळवता का?" मी विचारलं.

"मला कुटं येवडं लिवाय येतंय! पत्ता वाचन्यापुरतं शिकलो. पर तेल लावतो." कोंडिबा हसला. "बत्तीस वर्सं वाड्या-वाड्यांनी पत्रं वाटली, राव. मनीआर्डरी, तारा, लग्नाच्या पत्रिका. मास्तरांच्या सेंडॉफला समद्यांनी भाषनं केली. मला म्हनले, कोंडिबा, तू बी बोल. मला काय सुचंना. म्या म्हनलं, येवडी पत्रं वाटली, पर आपल्या नावाचं येक बी कदी आलं न्हाई. लोकं लई हसली. मास्तर काय हसले न्हाईत. आन दोन म्हैन्यांनी हे सुरू झालं. दर गुरवारी. येकदा चुकलं न्हाई, ह्या पाच सोडून."

दोन महिने. म्हणजे कॉम्प्युटर आणून, प्रोग्रॅम बसवून, कापऱ्या बोटांनी पहिल्या दहा ओळी टाइप करायला लागले तेवढे. आठ वर्षं दर आठवड्याला एक पत्र. आणि मी त्या मशीनला भंगार म्हणत होतो.

दुकान वडिलांवर टाकून मी कोंडिबाला घेऊन मास्तरांकडं गेलो. मास्तर ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. कोंडिबाला बघताच ताडकन उभे राहिले.

"तू इकडं कुठं? गुडघा दुखतो ना तुझा? कुणी सांगितलं यायला?"

"टपाल न्हाई आलं म्हनून बगाय आलो."

"न्हाई आलं तर न्हाई आलं! एसटीचे धक्के खात यायचं व्हतं? प्रिंटर बंद आहे. हा उभा आहे ना, याला विचार. याच्या कंपन्या!" एवढं बोलून मास्तर खुर्चीत बसले. मग न बघताच म्हणाले, "लिहिली होती. पाठवली नाहीत."

आत जाऊन त्यांनी टेबलाच्या खणातून पाच पाकिटं आणली. प्रत्येकावर मुंग्यांची रांग.

"हातानं लिहिली. दर मंगळवारी, नेहमीसारखी. पण हे तुला दिसणार नाही आणि दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. असलं टपाल मी स्वतः परत पाठवलं असतं."

कोंडिबानं एक पाकीट चष्म्याला टेकवलं. बराच वेळ डावीकडून उजवीकडं सरकवलं. "हितं 'कोंडिबा' हाय," तो म्हणाला. "तुमचा 'क' म्या कुटं बी वळकीन. वाडीवर मास्तरीणबाई हाय शाळंची, ती अन म्या मिळून लावू."

"घे मग. सगळी घे आणि जा."

कोंडिबानं पाकिटं खाली ठेवली आणि दोन्ही हात मागं घेतले. "हातात नगं. टपालानं धाडा."

"अरे, तू समोर उभा आहेस!"

"आसूं द्या. घरी पोष्टमन आला पायजे. नवा पोरगा हाय, चढ चडायचा कटाळा करतो. खालनंच हाळी देतो, 'केंगलेबाबा, तुमचं पत्र!' समदी वाडी आयकती, मास्तर."

मास्तरांनी पाकिटं उचलून हातात घेतली. मला वाटलं, आता नियम निघणार. ते माझ्याकडं वळले आणि कडक आवाजात म्हणाले, "शेठ, पेन काढा. पत्ता मी सांगतो, तुम्ही लिहा. फक्त पत्ता. आत बघायचं नाही."

मी पाच पाकिटांवर पाच वेळा पत्ता लिहिला. दोनदा मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ काढला आणि एकदा अक्षर गिचमिड आहे म्हणून पाकीट बदलायला लावलं. त्यांनी! मला!

प्रिंटरचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. पुढच्या आठवड्यात मी आळेफाट्याला गेलो आणि एकेका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन जुनं काही पडलंय का विचारत सुटलो. चौथ्या ठिकाणी बारदानाखाली एक डॉट मॅट्रिक्स निघाला, रुंद पिनेचा. दोन दिवस साफ केला, डोकं बदललं, डबीच्या मागं जोडला. करकर करत मराठी उमटलं. मास्तरांनी कागद फाडून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "आवाज फार करतो." नवा प्रिंटर मी दुकानात लावला. अजून चालतो.

पण कोंडिबा आला त्या दिवशीचं थोडं राहिलं. पाचही पत्रं आम्ही तिघांनी जाऊन टपालात टाकली. उन्हं चढली होती. मास्तर म्हणाले, "कोंडिबा, आता जेवूनच जा. तांदूळ निवडलेलेच आहेत."

"न्हाई मास्तर, निगतो," कोंडिबा कोटाची बटणं लावत म्हणाला. "टपाल माज्या आदी पोचलं तर घरी घ्याया कोन हाय?"

टपालाची पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघते. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या मास्तरांना ते ठाऊक होतं आणि बत्तीस वर्षं ती पिशवी खांद्यावर वागवलेल्या कोंडिबालाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तरांनी माझा दंड दाबला. मग मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेत ते स्टँडच्या दिशेनं बोट करून ओरडले, "मग उभा काय राहिलास? दोनची कल्याण गाडी लागलीय. पळ!"

आणि कोंडिबा दुखरा गुडघा धरून खरंच पळाला.